मामांच्या कानशिलातला तुकडा

देवानं ही सृष्टी घडवली आणि ती आतून भरीव झाली आहे की नाही हे ठोकून बघायला माझ्या बायकोच्या मामांना दौंडला पाठवून दिलं, याबद्दल माझ्या मनात काडीची शंका नाही. बाकीची माणसं एखादी वस्तू डोळ्यांनी बघतात, नाकानं हुंगतात, फार तर बोटानं चाचपतात. मामा ती वाजवतात. कलिंगड, माठ, भिंत, पाण्याची टाकी, पाहुण्यांनी आणलेली पितळी घागर, दुकानातली कोरी करकरीत मोटारसायकल, यातलं काहीही त्यांच्यासमोर आलं की आधी त्याला एक टोला बसतो, मग मामा मान तिरपी करतात, डोळे मिटतात, आणि निकाल देतात. एकदा त्यांनी शेजाऱ्यांची गाभण म्हैस वाजवली. म्हशीनं तिथल्या तिथं जी पोच दिली तिच्यामुळे मामा कडब्याच्या गंजीवर जाऊन पडले, आणि तिथूनच त्यांनी सांगितलं, "रेडा हाय. दणकट हाय." दोन्ही खरं निघालं.

ही खोड त्यांना नोकरीतून लागली. मामा रेल्वेत होते. दौंड जंक्शनात गाडी येऊन थांबली की लांब दांड्याची हातोडी घेऊन गाडीच्या कडेकडेनं चालत जायचं, चाकाचाकावर टोला हाणायचा आणि चाक काय म्हणतं ते ऐकायचं, हे त्यांचं काम. धड चाक "टण्ण" म्हणतं, चिरलेलं चाक "थड्" म्हणतं. या दोन शब्दांच्या भाषेवर मामांनी अख्खा संसार रेटला. रेल्वे कॉलनीतले लोक तर शपथेवर सांगतात की मामा घरात आमटी-भात जेवत असताना लांबून मालगाडी धडधडत गेली, तर हातातला घास तसाच धरून ते म्हणायचे, "मधल्या वाघिणीचं उजवीकडलं चाक दुखतंय." आणि पुढच्या स्टेशनात ती वाघीण, म्हणजे मालगाडीचा तो डबा, खरोखरच बाजूला काढलेली असायची. मी स्वतः हे पाहिलेलं नाही, पण मामांच्या बाबतीत न पाहिलेलंही खरं धरायची मला सवय झाली आहे.

निवृत्तीच्या दिवशी खात्यानं शाल दिली, नारळ दिला आणि हातोडी काढून घेतली. मामांना हा सौदा पसंत पडला नाही. नारळ वाजवून त्यांनी "कुजकाय" म्हणून साहेबाच्या टेबलावर परत ठेवला, आणि तडक निमोण्याला, म्हणजे मामींच्या माहेरी जाऊन, लोहाराकडून वीतभर दांड्याची एक घरगुती हातोडी करून घेतली. चारचौघांच्या खिशाला पेन असतं, तशी ती मामांच्या सदऱ्याच्या खिशात असते. तिच्या वजनानं सदरे एका बाजूला ओघळतात आणि मामा कायम कुणाला तरी वाकून नमस्कार करायच्या बेतात असल्यासारखे दिसतात.

माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलीकडची मंडळी आमचं शिरूरचं घर बघायला आली. मामांनी चहाला हात लावायच्या आत चारी भिंती वाजवल्या, कपाट वाजवलं, माझ्या वडिलांच्या बसायची खुर्ची वडिलांसकट वाजवली. मग माझ्यामागं येऊन उभे राहिले आणि बोटांच्या पेरांनी माझी पाठ मानेपासून कमरेपर्यंत ठोकली. सगळी बैठक श्वास रोखून बसली होती. मी सणसवाडीच्या कारखान्यात क्वालिटीत आहे, रोज शेकडो पार्ट पास-नापास करतो, पण पार्टला काय वाटत असेल ते त्या दिवशी कळलं. "भरीव हाय," मामा म्हणाले. "आतनं पोकळ न्हाई. द्या पोरगी." माझ्याविषयी इतकं नेमकं चांगलं त्याआधी आणि त्यानंतर कुणी बोललेलं नाही. माझी बायको अजूनही म्हणते की मामांचं आयुष्यात एकदाच चुकलं.

निमोण्याच्या नव्या सभामंडपाची गोष्ट तर तालुकाभर झाली. उद्घाटनाला पुढारी आलेले, हार-तुरे, माइकवरून विकासाची गंगा सोडलेली. मामा मागं खांबाला टेकून उभे होते. टेकल्या टेकल्या त्यांनी सहज एक टोला दिला. "थड्." भाषण थांबलं नाही. मामांनी अंमळ जोरात दुसरा दिला, तेव्हा खांबाचा गिलावा भाकरीचा पापुद्रा निघावा तसा सुटला आणि आतून सिमेंटच्या रिकाम्या गोण्या बाहेर डोकावल्या. ठेकेदार असा पळाला, की म्हणतात, त्याच्या पायातला बूट मंडपात आणि तो स्वतः श्रीगोंद्यात एकाच वेळी पोचले. तेव्हापासून पंचक्रोशीत कुठंही नवा स्लॅब टाकला की मामांना जेवणाचं आमंत्रण येतं आणि ठेकेदाराला ताप येतो.

अशा माणसाला आजार होतो हेच मुळात आम्हाला माहीत नव्हतं. म्हणून एका उन्हाळ्यात मामींचा फोन आला, "तुझा मामा मटण सोडून दूध-भात खायला लागलाय," तेव्हा माझ्या बायकोच्या हातातला तवा खाली पडला. नळी फोडताना ज्यांचा आवाज शेजारच्या गल्लीत जातो ते मामा दूध-भात खातायत? आम्ही दौंडला पोचलो. मामा ओट्यावर बसले होते, डोक्याला टोपी नव्हती.

"टोपी टोचती," मामा म्हणाले. "ह्या डाव्या कानशिलावर काय ठेवलं की ठणका मारतोय. कंगवाबी लावून घेत न्हाई."

"आणि जेवण का सोडलंत?"

"सोडलं न्हाई. चार घास चावलं की जबडा दमतोय. इंजनानं घाटात थांबावं तसा मधीच थांबतोय. जरा दम खाल्ला की परत चालतोय."

"मग दाखवलं का नाही कुणाला?"

"काय दाखवायचं? सवताच वाजवून बघितलं की." आणि त्यांनी खरोखरच पेरांनी स्वतःचं टाळकं वाजवून दाखवलं. "ऐका. टण्ण. चीर न्हाई."

त्यांना उचलून शिरूरला एका डॉक्टर मॅडमकडे नेलं. वयानं आमच्या धाकट्या मेहुणीएवढ्या, बोलायला मऊ. मामा आत गेल्या गेल्या त्यांचं टेबल वाजवून म्हणाले, "भुश्शाचं हाय. फसवलं तुमाला." मॅडम हसल्या. पण मामांच्या कानशिलावर बोट ठेवलं तेव्हा त्यांचं हसू गेलं. तिथली रक्तवाहिनी सुतळीसारखी ताठ झाली होती आणि तिच्यात ठोका लागत नव्हता. रक्त तपासलं, त्यातला सुजेचा आकडा बघून त्यांनी खुर्ची मामांच्या जवळ ओढली.

"काका, या रक्तवाहिनीच्या भिंतीला आतून सूज आल्याचा दाट संशय आहे," त्या म्हणाल्या. "हीच सूज डोळ्याला रक्त नेणाऱ्या वाहिनीत पोचली तर डोळा जातो. कधीकधी पाठोपाठ दुसराही. गोळ्या आजच चालू करायच्या. आणि इथला छोटा तुकडा काढून तपासायला पाठवायचा."

डोकं दुखतं म्हणून आलेला माणूस, आणि बाई डोळ्यांचं बोलतायत! मामा मात्र शांत होते.

"आधी तुकडा बघा, मग गोळ्या द्या," ते म्हणाले. "चीर सापडल्याबिगर डबा गाडीतनं काढत न्हाईत, बाई. उगं संशयावर काढला तर वर जाब द्यावा लागतो."

"डबा नंतर परत जोडता येतो, काका. गेलेला डोळा नाही."

मामांनी गोळी घेतली. आणि काय चमत्कार सांगू! दुसऱ्या सकाळी ठणका नाही, कंगवा चालला, टोपी बसली, दोनच दिवसांत मामींनी मटण केलं आणि नळी फोडल्याचा आवाज गल्लीत गेला. तुकडाही काढून झाला, कानशिलावर एवढीशी पट्टी. पुढं रिपोर्ट आला: तुकड्यात सूज दिसत नाही. मामांनी रेल्वे कॉलनीत पेढे वाटले. पेढा देताना प्रत्येकाला सांगत होते, "चीर न्हाई. आधीच म्हणलं हुतं."

आम्हीही पेढे खाल्ले. पण मॅडमचा मला फोन आला. त्या म्हणाल्या, गोळ्या अजिबात बंद करू नका. हा आजार वाहिनीत सलग पसरत नाही. थोडा भाग सुजलेला, पुढं थोडा धड, पुन्हा सुजलेला. आपल्या हाती धड भाग लागला असेल, किंवा थोड्याच पेशी असतील आणि साध्या रंगात त्या नजरेतून सुटल्या असतील. लॅबनं तो तुकडा मेणात बसवून ठोकळा केलेला असतो. तो घेऊन पुण्याच्या मोठ्या लॅबमध्ये जा, तिथं मार्कर लावतील. मार्कर म्हणजे काय, तर असं रसायन जे सुजेच्या पेशींनाच शोधून चिकटतं, आणि मग तेवढ्याच पेशी तपकिरी रंगतात. मला ते लगेच पटलं. लग्नाच्या मांडवात कोण कुणाचं ते कळत नाही, पण नवरीकडच्यांनाच तेवढे फेटे बांधले, तर गर्दीतला एकटादुकटा मामासुद्धा लांबून ओळखू येतो.

मामांना फोनवर हे सगळं सांगितलं, गोळ्यांचंही, आणि ठोकळा आणायला मी निघालो तर मामा आधीच जाऊन घेऊन आले होते. "माझ्या डोस्क्याचा तुकडा परक्याच्या कपाटात कशापाई?" असं लॅबवाल्याला म्हणून, सही ठोकून, रुमालात बांधून दौंडला नेला. "रविवारी या, जावईबापू. तवर हाय आपल्यापाशी."

रविवारी गेलो. अंगणात कलिंगडांची रास पडली होती आणि मामा त्यातून आमच्यासाठी एक निवडत होते. मी एक धरलं, म्हटलं, हे वाजवा. मामांनी हातोडी उगारली, मान तिरपी केली, आणि टोला माझ्या अंगठ्यावर बसला. मी जो ओरडलो तो म्हणे फलाटावर ऐकू गेला आणि एका गाडीनं सिग्नल समजून हॉर्न दिला. पण अंगठ्याचं सोडा. मी हबकलो ते वेगळ्याच गोष्टीनं. या माणसाचा नेम! धावपळीत, धुक्यात, चाकाच्या कडेवर बोटभर जागेत ज्याचा टोला कधी हुकला नाही, त्याला हातभर कलिंगड सापडलं नव्हतं.

"कलिंगड सरकलं," मामा म्हणाले आणि त्यांनी पुन्हा टोला मारला. तो फरशीवर बसला.

"मामा, माझ्याकडे बघा. उजवा डोळा झाका."

"कशाला?"

"झाका म्हणतो ना!"

त्यांनी झाकला. मी त्यांच्या तोंडापुढं हात हलवला. ते माझ्या कानाच्या मागं कुठंतरी बघत होते.

"सकाळधरनं वरनं पडदा आल्यावानी झालंय," ते हळूच म्हणाले, मामींना ऐकू जाऊ नये अशा बेतानं. "उतरंल. ऊन लागलं असंल."

"गोळ्या घेताय ना?"

उत्तर स्वयंपाकघरातून आलं. "गोळ्या कुठल्या? रिपोर्ट चांगला आला तवाच बंद केल्या की! डब्बाच देऊन टाकला त्यांनी मेडिकलवाल्याला परत."

मी म्हटलं, मामी, चला, आत्ताच्या आत्ता निघायचं, गाडी काढतो, आणि तो मेणाचा ठोकळा द्या. मामी पदराला हात पुसत बाहेर आल्या. खांद्याला प्रवासाची मोठी बॅग.

"ते मेण व्हय? ह्या बॅगेत ठेवलंय, चेनीला लागंल म्हणून. लई गुणाचं मेण हाय बघा. बॅगेची चेन किती दिस अडकत हुती, मेणबत्ती घासली, साबण घासला, काय उपेग न्हाई. हे घासलं आन् बघा!" त्यांनी चेन ओढली. सर्रर्र. परत लावली. सर्रर्र. "लोण्यावानी!"

मला हसावं की बोंब मारावी कळेना. ज्यासाठी पुण्याची मोठी लॅब वाट बघत होती, तो मामांच्या कानशिलातला तुकडा मामींनी बॅगेच्या चेनीवर घासला होता!

"मामी, त्यात मामा आहेत!" मी ओरडलो.

मामींनी ठोकळा उजेडात धरला. पांढऱ्या मेणात फिकट, साबुदाण्याएवढी कडी दिसत होती. त्या वस्तूकडे बघता बघता त्यांचा चेहरा मेणासारखाच झाला. "मला वाटलं ह्येंनी दवाखान्यातनं मेणबत्तीचा तुकडा आणलाय. ह्ये काय बोलत्यात का कवा?"

"वाजवून ठेवला हुता मी," मामा म्हणाले. "मेणाला आवाज नसतो."

त्या दिवशी दौंड ते शिरूर मी गाडी कशी हाणली ते आठवत नाही. मामी मागं ठोकळा ओंजळीत धरून बसल्या होत्या, जणू त्या उघड्या हातांनी दिवा नेत होत्या. मॅडमनी मामांचा डोळा पाहिला आणि ठोकळ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आधी शिरेतून औषध चालू केलं, मग पुण्याच्या दवाखान्यात हलवायची चिठ्ठी दिली, आणि मला कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, "डावा आता माझ्या हातात नाही. उजवा वाचवू."

मामा दवाखान्यात, आणि मी ठोकळा घेऊन रिक्षानं त्या मोठ्या लॅबला. तिथल्या डॉक्टरांना चेनीचं सांगावं की नाही यावर मी वाटेत बराच विचार केला आणि शेवटी सांगितलं, कारण खोटं बोलताना माझे कान लाल होतात. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"चेनीवर?"

"हो."

"कसल्या?"

"प्रवासाच्या बॅगेच्या."

त्यांनी ठोकळा भिंगाखाली धरला. "ओरखडे आहेत," शेवटी म्हणाले. "वरचं मेण गेलंय. पण तुकडा शिल्लक आहे, आणि आम्ही तसंही आणखी खोलवरचे काप घेणार होतो. मामींना सांगा, फार नुकसान नाही." मी तिथंच त्यांच्या पाया पडणार होतो, पण मध्ये टेबल होतं.

मार्कर लागले, आणि सूज सापडली. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, आता शंका नाही, गोळ्या वर्ष-दीड वर्ष तरी, कमी करत करत, आणि एकही दिवस चुकवायचा नाही. उजव्या डोळ्याचं सगळं त्याच्यावर. आणि एवढं होऊनही मामा काय म्हणाले असतील? "पयल्या कागदात न्हाई म्हणत्यात, दुसऱ्या कागदात हाय म्हणत्यात. कागदाचं मला सांगू नका. मला चीर दाखवा." मी कपाळाला हात लावला. डोळा गेल्यावरही पुरावा मागत बसलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. त्या गोळ्यांनी पोटात आग पडायची, झोप उडायची, चेहरा सुजायचा, आणि दौंडला परत गेल्यावर त्यांच्यावर पहारा कोण ठेवणार होतं? मी लॅबच्या डॉक्टरांना फोन केला, पाया पडायचं राहिलं होतं ते फोनवर पडलो, आणि मामांना त्यांच्यापुढं नेऊन बसवलं.

मायक्रोस्कोपला जोडलेल्या पडद्यावर एक कडं आलं. गाडीच्या चाकासारखं गोल, पण चेपलेलं, मधलं भोक जेमतेम उरलेलं. आणि त्या कड्याच्या जाडीत जागोजाग तपकिरी ठिपके, कुठं एकेकटे, कुठं घोळक्यानं.

"हे तुमच्या रक्तवाहिनीच्या भिंतीतलं, काका," डॉक्टर म्हणाले. "हा तपकिरी रंग आम्ही वाटेल तिथं लावलेला नाही. मार्कर फक्त सुजेच्या पेशींनाच धरतो. जिथं त्या आहेत तिथंच रंग आला. आणि ही खालची दुसरी फोड बघा, याच तुकड्यातली. हिच्यात काहीच नाही. पहिल्यांदा अशीच हाती लागली असणार."

मामा पुढं सरकले. मान तिरपी केली, पण या वेळी ऐकायला नाही, उजवा डोळा पडद्यासमोर आणायला. बराच वेळ बघत राहिले. खोलीतली एकही वस्तू त्यांनी वाजवली नव्हती हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"वरनं तर टण्ण हुती," ते पुटपुटले.

"वरून नाही कळत."

"ह्या उजव्या डोळ्याच्या नळीतबी अशेच असतील?"

"असू शकतील. गोळ्या घेतल्यात तर तिथं वाढणार नाहीत."

मामांनी माझ्यापुढं हात पसरला. मी पाकीट दिलं. त्यांनी गोळी काढली आणि तिथंच, पाण्याची वाट न बघता, चावून खाल्ली. ती गोळी किती कडू असते ते मला मेडिकलवाल्यानं नंतर सांगितलं. मामांच्या तोंडाची एक रेघही हलली नाही.

डावा डोळा परत आला नाही. उजवा टिकला. आता दौंडला गेलं की मामा अंगणात खाटेवर बसलेले असतात, चेहरा गोळ्यांनी भोपळ्यासारखा गोल झालेला, आणि गल्लीतल्या कुणाचंही डोकं दुखलं की ते त्याला "वाजवून काय कळत न्हाई, आत बघाय लागतंय," असं इतक्या जोरात दमात घेतात, की दुखणाऱ्याचं जास्तच दुखतं. लोक हसतात. डाव्या अंगानं कुणी आलं की मामा दचकतात, आणि दचकलो हे कळू नये म्हणून त्या माणसावर खेकसतात. आम्ही सगळे हल्ली न बोलता उजवीकडून जातो.

परवा आम्ही जेवायला होतो. ओसरीवर पंगत, मामी मामांच्या डाव्या हाताला, लग्न झाल्यापासून बसत आल्या तशा. बायको माझ्याशी काहीतरी बोलत होती. मामांचा घास मध्येच थांबला. मला वाटलं जबडा परत दमला.

"अगं," ते म्हणाले, "उठ. ह्या अंगाला येऊन बस."

"का? हितं काय झालं? इतकी वर्षं हितंच बसतीय की मी."

"तिकडं बसलीस की दिसत न्हाईस. नुसता आवाज येतोय तुझा."

"मग बरं झालं," मामी म्हणाल्या. "तुमाला मेल्या आवाजाबिगर दुसरं काय लागत हुतं कवा?"

माझी बायको फसकन हसली. मामा हसले नाहीत.

"आता आवाजावर भागत न्हाई," ते म्हणाले.

मामींनी ताट उचललं, वळसा घालून त्यांच्या उजवीकडं आल्या आणि बसल्या. मामांनी सगळीच्या सगळी मान त्यांच्याकडं वळवली आणि त्या भोपळ्यासारख्या चेहऱ्यानं बराच वेळ त्यांच्याकडं बघत राहिले.

"केस पांढरं झालं व्हय गं तुझं?"

"कवाच," मामी म्हणाल्या, आणि त्यांच्या ताटात भाकरीचा चतकोर वाढला.